स्कूटरच्या शेडमध्ये रंधा

प्रिय बिंदू,

अक्काचा भुशानं माखलेला आशीर्वाद घे. वाचताना शिंक आली तर रागावू नकोस, कागद पुसूनच घेतलाय, पण हल्ली आमच्या घरात अंगारा कमी आणि लाकडाचा भुसा जास्त. देवाच्या ताम्हनात भुसा, वेणूच्या ऑफिसच्या बुटात भुसा, परवा तर सारात सापडला आणि वेणू म्हणाला, अम्मा, आज धने जाडसर वाटलेत वाटतं. मी त्याला आणखी एक वाटी वाढली. तर बातमी अशी, की तुझ्या ह्या एकाहत्तर वर्षांच्या अक्कानं घरामागच्या स्कूटरच्या शेडमध्ये सुतारकामाचा कारखाना काढलाय. हसू नकोस. खरोखरचं टेबल आहे, लोखंडी जबड्याचा व्हाइस आहे, दोन करवती, एक रंधा, कोरायच्या तीन पटाश्या, काटकोन बघायचा गुण्या, आणि भिंतीवर पाटी, ‘चपला बाहेर काढू नयेत’. सगळीकडं चपला काढायला सांगतात, इथं उलट, खाली स्क्रू पडलेले असतात. ती पाटी मीच लिहिली, म्हणून इतकं सांगते.

विद्याश्रीचा फोन आला होता, ते आधी सांगून टाकते, म्हणजे आड काही राहणार नाही. तुझी सून चांगली आहे रे, रडवेली झाली होती. म्हणाली, मामंजी दसऱ्याच्या आधी हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकणार म्हणतात, नातवाच्या पाळण्यावर पोपट कोरताना हात थरथरला, पटाशी घसरली आणि पोपटाची चोच उडाली, त्या दिवसापासून पेटीला कुलूप, गेल्या खंडेनवमीला तर हत्यारांना कुंकूसुद्धा लावलं नाही, नुसते खिडकीशी बसून असतात. मी तिला म्हटलं, सरी, बरं, मी बघते. पण त्याबद्दल मी आज एक अक्षर बोलणार नाही. बत्तीस वर्षं धारवाडात शाळेतल्या पोरांना सुतारकाम शिकवलेल्या माणसाला दुसरी पास बाईनं काय शिकवायचं? मी आपली माझी गंमत सांगते.

सुरुवात माझ्या नातीनं, संहितानं केली. तुझ्या लक्षात असेल ती तिसरीतली, वेणीला रिबन बांधलेली. आता ती चांगली अठ्ठावीस वर्षांची घोडी झालीय, एचएसआर लेआउटला कॉम्प्युटरच्या ऑफिसात जाते, आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम करते, म्हणजे कानाला यंत्र लावून भिंतीशी इंग्रजीत भांडते. आमच्या के. आर. पुरमहून शहराच्या त्या टोकाला पोचायचं म्हणजे एवढ्या वेळात मी चकल्यांचा घाणा काढीन. तर रथसप्तमीनंतरच्या एका शनिवारी ही रिक्षातून उतरली ती दोन मोठाली लाकडी खोकी घेऊन. ऑफिसात कसलंसं यंत्र त्या खोक्यांतून आलं होतं, ते फेकून देत होते. म्हणाली, अज्जी, आपण ह्याचं काहीतरी करू. मला वाटलं बंबात जाळायला आणलंय. मी कोयती शोधायला लागले तर ही ओरडली, अय्यो अज्जी, जाळायचं नाही, बनवायचंय!

शेडमध्ये वेणूची जुनी स्कूटर होती. दहा वर्षं ती चालू झाली नव्हती, पण त्याचा तिच्यावर जीव. शिवाय कुणी पार्सलवाले ती शेड भाड्यानं मागत होते, त्याचं मन तिकडं. म्हणाला, अम्मा, ह्या वयात कुठं करवत धरतेस, बोट तुटलं तर लोक मला बोलतील. मी म्हटलं, चाळीस वर्षं विळीवर नारळ खवलाय, बोटं मोजून बघ, दहाच्या दहा आहेत. स्कूटर मेकॅनिकनं नेली, त्या दिवशी तो जेवला नाही नीट. आता बघ, परवा हळूच विचारतो, अम्मा, माझ्या चपलांना एक रॅक होईल का गं? मी म्हटलं, नंबर लाव. तुझ्या आधी तिघी आहेत.

मग आम्ही चिकपेटला गेलो. मेट्रोनं गेलो, मॅजेस्टिकला गाडी बदलली, मला सरकत्या जिन्याची भीती वाटते म्हणून संहितानं माझा पदर धरला आणि मी तिची पर्स. चिकपेटला मी आजवर साड्यांसाठीच गेलेली. हार्डवेअरच्या गल्लीत पहिल्यांदा पाय ठेवला आणि बिंदू, काय सांगू, साड्यांच्या दुकानात जशी दिसेल त्याला हात लावत सुटते ना, तशीच सुटले. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या नुसत्या झुबक्यांनी टांगलेल्या! दुकानदार संहिताकडं बघून बोलत होता. तिला म्हणाला, कारपेंटर यारु, म्हणजे सुतार कोण, त्यालाच पाठवा, तुम्हाला कळणार नाही. मी पदर खोचला आणि छातीवर हात ठेवून म्हटलं, नाने. मीच. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, कुंकू बघितलं, हिरव्या बांगड्या बघितल्या, आणि पोराला हाक मारून म्हणाला, अज्जीला स्टूल दे. मग बसून निवांत घेतलं सगळं. रंधा घेताना मी त्याचं पातं अंगठ्यावर आडवं धरून बघितलं, तू धरायचास तसं. मला काही कळत नव्हतं, पण त्यानं लगेच आतून दुसरा आणला. खरं सांगते, दुसरी पास बाईला आयुष्यात एवढा मान कुणी दिला नव्हता.

टेबल बसवायला गल्लीतला सुतार व्यंकोजी आला होता. चांगला माणूस, पण फार बोलतो, माझ्याहून जास्त. फणसाच्या लाकडाच्या जुन्या दारातून त्यानं टेबलाची फळी काढून दिली, पाय सिल्व्हर ओकचे. टेबल हललं तर सगळं काम हलतं, म्हणून त्यानं ते भिंतीत ठोकूनच टाकलं. पहिल्या दिवशी करवत चालवली तेव्हा सगळा भुसा उडाला तो शेजारच्या गच्चीवर, आणि तिथं कावेरी अक्कानं पापड वाळत घातलेले. ती आमच्या भिंतीपलीकडची, कन्नड घरची, पण इतक्या वर्षांत माझ्याशी मराठीच बोलते, तिच्या पद्धतीनं. कमरेवर हात ठेवून भिंतीवरून म्हणाली, तुंगक्का, उडदाच्या पापडात तू झाड मिसळलीस, आता तळू की पेरू? मग तह झाला. दुपारी दोन ते चार करवत बंद, ती झोपते. पापडाच्या दिवशी पूर्ण सुट्टी. त्या बदल्यात रंध्याच्या ढलप्या तिच्या बंबाला.

त्या ढलप्या! बिंदू, तू लहानपणी आप्पांच्या दुकानामागच्या सुताराकडं तासन् तास का बसायचास ते मला आता कळलं. आई मला पाठवायची तुला आणायला, आणि मी तुझा कान धरून ओढत आणायची, नाक वर करून, भुशात काय ठेवलंय रे मेल्या, असं म्हणत. आता माझी मी रोज सकाळी देवपूजा आटोपली की शेडमध्ये. रंधा लाकडाच्या रेषेच्या बाजूनं नेला की कसा सर्र करून जातो, आणि पातळ लांब ढलपी वळत वळत वर येते, जिलबीसारखी. उलट नेला की अडतो, ओरबाडतो, रागावलेल्या मांजरासारखा. हे मला कुणी सांगितलं नाही, लाकडानंच सांगितलं. संहिता मोबाइलमध्ये बघून बघून शिकते आणि मला शिकवते. सरळ कापायला तिनं एक खोका केलाय, त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर खाचा, करवत त्या खाचेत घातली की तिला इकडं तिकडं जायची सोयच नाही, रुळावरच्या गाडीसारखी जाते. पटाशीपुढंही एक लाकडाचा अडसर ठोकलाय, तेवढंच जायचं, पुढं नाही. व्यंकोजी हसला, म्हणाला हे पोरांचं काम, खरा सुतार मोकळ्या हातानं कापतो. मी म्हटलं, तुझा खरा सुतार तुझ्याकडं ठेव, माझी फळी गुण्याला लावून बघ. त्यानं लावली. मग जाताना त्या खोक्याचं माप घेऊन गेला, म्हणजे समज.

आता फजिती ऐक. गणपतीला नवा चौरंग करायचा ठरलं, माझ्या हातचा. जुना वेणूच्या लग्नातला, त्याचा एक पाय कायम कागदाच्या घडीवर. चार पाय केले, फळी घासून गुळगुळीत केली, संहिता त्या दिवशी ऑफिसात. सगळे तुकडे उन्हात ओळीनं मांडलेले इतके सुंदर दिसत होते की मला राहवेना. आपल्यात नवं पोळपाट आणलं की काय करतो? धुऊन पुसून तेल पाजतो, दोन दिवस तेल पाजतो, म्हणजे ते तडकत नाही. मी वाटीभर शेंगदाण्याचं तेल घेतलं आणि सगळ्या तुकड्यांना पाजलं. पायांच्या खुंट्यांना, भोकांच्या आत, सगळीकडं कापसाच्या बोळ्यानं, अगदी बाळंतिणीला लावावं तसं. काय रंग आला म्हणतोस! संध्याकाळी संहिता आली, मी सांगितलं नाही की तेल लावलंय, वाटलं चकित करू. दोघींनी मिळून खुंट्यांना फेविकॉल लावून पाय बसवले, दोऱ्यांनी आवळून ठेवले, रात्रभर राहिलं. सकाळी सोडलं तर उभा! काय ऐट त्याची!

गणपतीला दोन दिवस होते. मी म्हटलं, आधी वजन घालून बघू, देवाच्या बाबतीत चूक नको. संहिता म्हणाली तांदळाची गोणी ठेवू. तेवढ्यात कावेरी अक्का ढलप्या न्यायला आली आणि म्हणाली, गोणी कशाला, मी आहे ना. तिचं वजन तुला माहीत नाही, बिंदू. ती बसली. एक क्षण काही झालं नाही, ती हसून म्हणाली, छान आहे, आणि मग चारही पाय चार दिशांना, हळू, अगदी सावकाश, जशी म्हैस पाण्यात बसते तशी ती खाली गेली. लागलं काही नाही, देवाची कृपा. बसल्या जागेवरून म्हणाली, तुंगक्का, हा चौरंग की घसरगुंडी? आणि हसायला लागली ती थांबेचना, तिला उठवायला आम्ही दोघी, आम्हीही हसतोय, हातात जोर कुठला. संहितानं पायाची खुंटी वास घेऊन बघितली. अज्जी, शेंगदाणे? मी म्हटलं, मग काय नुसतं कोरडं ठेवायचं? तेव्हा तिनं समजावलं की तेल प्यायलेलं लाकूड डिंक पीतच नाही, डिंक नुसता वर बसून राहतो. तू असतास तर लांबूनच ओरडला असतास. मला मात्र एकच समाधान, की गणपती बसायच्या आधी कावेरी अक्का बसली.

मग दोन दिवस नुसती धावपळ. नव्या खुंट्या, नवी भोकं, कापणं सगळं परत, वेणूसुद्धा ऑफिसातून लवकर येऊन पॉलिश पेपर घासायला बसला, तोंडाला रुमाल बांधून, दरोडेखोरासारखा. चतुर्थीला सकाळी त्याच चौरंगावर गणपती बसला, आणि पाच दिवस केसभर हलला नाही. आरतीला कावेरी अक्का आली तेव्हा देवाआधी तिनं वाकून चौरंगाचा पाय हलवून बघितला. मी बघितलं ते. प्रसादाचा तिला मुद्दाम अर्धाच मोदक दिला. त्या दिवसापासून गल्लीत ऑर्डरी लागल्यात. दोघींना पाट हवेत, एकीला दसऱ्याच्या बाहुल्या मांडायला घडीच्या पायऱ्या हव्यात. इथं बाहुल्यांचा सण केवढा ते तुला ठाऊक आहे, सगळ्या जणी ट्रंका, पुस्तकं रचून वर साडी टाकतात. पायऱ्या पाच की सात, विषमच हव्यात, ते मी बरोबर सांगितलंय, तिथं नाही चुकायची.

आता मी म्हटलं होतं एक अक्षर बोलणार नाही, पण बोलते. मी एकदा धारवाडला आले होते तेव्हा तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते, आठवतं? एका पोरानं फळीवर हातोडी चुकीची मारली, मोठा खड्डा पडला, पोरगा रडायच्या बेतात. तू काय केलंस? फळी उचललीस, उलटी केलीस, आणि म्हणालास, हिला दुसरी बाजू आहे की रे. इतकंच. मी दारापाशी येऊन डोळे पुसले होते, तुला सांगितलं नाही. आणि आता स्वतःच्या एका पोपटाची चोच उडाली तर तू पेटीच देऊन टाकायला निघालास? त्या पोराला तू असं म्हटलं असतंस का? विद्याश्री म्हणाली, नातू त्याच पाळण्यात झोपतो, त्याला बिनचोचीचाच पोपट आवडतो, त्याच्याकडंच बघून हसतो.

आईचा हात तुला आठवतो का, बिंदू? आप्पांना चहा द्यायला यायची तेव्हा कपबशी कशी वाजायची, किण् किण् किण्. आपण दोघं दाराआड उभे राहून ऐकायचो आणि म्हणायचो, आई आप्पांना भिते. किती वर्षं मी मनातून आप्पांवर राग धरला त्यासाठी. ते काही इतके वाईट नव्हते रे. आई भीत नव्हती. गेल्या रथसप्तमीला मी सूर्याला अर्घ्य द्यायला तांब्या उचलला, आणि तांब्या किण् किण् वाजायला लागला. मला वाटलं थंडी असेल. मग चहात, मग फुलवाती वळताना. मी कुणाला बोलले नाही, कप दोन्ही हातांनी धरायला लागले, वेणूला म्हटलं गरम लागतो. संहितानं बघितलं होतं. तिनं काही विचारलं नाही, त्या शनिवारी खोकी घेऊन आली. चार आठवडे करवत हातात दिल्यावर मग म्हणाली, अज्जी, आता डॉक्टरकडं जाऊ या? गेलो. डॉक्टरीणबाई चांगली होती, माझ्याकडून कागदावर गोल गोल रेघा काढून घेतल्या, आणि विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? मी म्हटलं, आईला होतं, ती आता नाही. आणि धाकट्या भावाचाही हात हलतो असं कानावर आलंय. ती म्हणाली, घराण्यात असतं असं, जिवाला धोका नाही, हात वापरायचे सोडू नका, आणि भावालाही एकदा दाखवायला सांगा. त्या दिवशी मी घरी येऊन शेडमध्ये जाऊन खूप वेळ रंधा मारला. आनंदानं मारला. काहीतरी कळलं म्हणून.

म्हणून हे पत्र. फोनवर मी हे सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, अक्का, तू माझं मन राखायला बोलतेस. फोनवर हात दिसत नाही. ह्या कागदावर दिसतो. पहिल्या ओळीपासून तू बघतोयस, ओळी कशा नागमोडी गेल्यात, ‘क’ची गाठ एकही नीट वळली नाही. तीन दिवस लागले मला एवढं लिहायला. ह्याच हातानं तो चौरंग केलाय, बिंदू, आणि तो सरळ उभा आहे. पण पटाश्या बोथट झाल्यात, संहिताला धार लावता येत नाही, व्यंकोजी लावतो ती मला पसंत नाही, आणि बाहुल्यांच्या पायऱ्यांचं माप घेऊन मी बसलेय. खंडेनवमीच्या आधी ये. सकाळच्या गाडीनं मॅजेस्टिकला उतर, संहिता येईल घ्यायला. पेटी जड असेल, स्वतः उचलू नकोस, हमाल कर. आणि पेटी न घेता आलास तर चहा देईन, जेवायला घालीन, अंथरूण घालीन, पण शेडचं दार उघडणार नाही, आधीच सांगून ठेवते. चहाच्या दोन्ही कपबश्या वाजतील, वाजू देत. कावेरी अक्काला ऐकू जाईल तर जाईल.

तुझीच,
तुंगक्का